मोतिया गाऊन

गाऊन मोनाच्या नजरेला आधी पडला, पूर्णिमाच्या नंतर. भांडणाची सुरुवात धरायची तर तिथूनच धरावी लागेल.

स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मुंबईच्या कुणा डिझायनर बाईचा सेल लागला होता. रॅम्पवर एकदाच घातलेले, फोटोपुरते वापरलेले, कुठं चेन अडकलेली तर कुठं मणी गळालेले असे लग्नाचे भारी कपडे, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात. पूर्णिमाला रिसेप्शनसाठी गाऊन हवा होता. नवऱ्याकडचं कुणीतरी सोबत पाहिजे म्हणून आक्कानं, म्हणजे मोनाच्या आईनं, मोनाला धाडलं. पूर्णिमा ही मोनाच्या धाकट्या भावाची, ऋतुराजची, होणारी बायको. वारणानगरची पोरगी, वडील तिथंच डेअरीत, ती स्वतः फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात हँडबॉल खेळलेली, त्यामुळं खांदे रुंद, आणि बोलायची ते समोरच्याच्या डोळ्यांत बघून. मोनाला साखरपुड्यातच ती डोळ्यांत सलली होती.

मोना छत्तिशीला आलेली. मंगळवार पेठेत तिला ज्ञानू मंडपवाल्याची पोरगी म्हणत. आता खरं तर ज्ञानूचीच आठवण लोक मोनाचा बाप म्हणून काढत. बाप गेला तेव्हा ऋतुराज शाळेत होता. पोरीनं धंदा अंगावर घेतला. खांब उतरवून घेण्यापासून झालर टाचण्यापर्यंत सगळं केलं, टेम्पो चालवला, पैसे बुडवणाऱ्यांच्या दारात जाऊन आवाज चढवला. त्याच वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. गारगोटीचं स्थळ होतं. मंडपाच्या शिडीवर चढणारी सून नको, असा निरोप आला. मोनानं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत शिडीवर चढली. त्यानंतर तिनं शेकड्यानं लग्नं उभी केली आणि उतरवली. तिच्या लग्नाचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही. तिनंही काढला नाही.

तर तो गाऊन. मोतिया रंगाची मऊ जाळी, तिच्यावर चांदीच्या तारेचं बारीक काम, आणि मागं जमिनीवर लांबच लांब लोळणारं कापड. सेलवाली त्याला ट्रेल म्हणत होती. उभा जन्म कापडात गेलेला, त्यामुळं मोनाचा हात आपोआप तिकडं गेला. तिनं हँगर काढला आणि गाऊन अंगाशी लावून समोरच्या आरशात बघितलं. बघितलं म्हणजे किती, पापणी लवेपर्यंत.

"ताई, स्वतःसाठी बघालायसा व्हय?" मागून पूर्णिमाचा आवाज आला. तिच्याबरोबरची मैत्रीण फिसकन हसली.

मोनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं हँगर पूर्णिमाच्या हातात कोंबला. "तुझ्यासाठीच बघालतो. पण तुझ्या खांद्यात बसायचा न्हाई ह्यो. पैलवानाचं काय असलं तर विचार जा."

पूर्णिमानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि गाऊन घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा गाऊन पुढून झकास दिसत होता, पण मागची चेन पाठीवर वीतभर उघडीच. सेलवाली म्हणाली, "सॅम्पल पीस आहे मॅडम. आत माया ठेवलेली नसते, उसवून वाढणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे," मोना म्हणाली.

"घेणार हाय मी," पूर्णिमा आरशातल्या स्वतःला म्हणाली. "बाजूला पट्ट्या घालून वाढवता येतंय. फक्त ट्रेलला कुणी हात लावायचा न्हाई. ट्रेलसाठीच घ्यालोय."

आक्कानं गाऊन बघितला आणि लग्नात असला पांढराफटक रंग कशाला म्हणून तोंड वाकडं केलं. पण घेतलेला तो घेतलाच होता. वाढवायचं काम मोनाच्या ओळखीनं फातिमाकडं गेलं. बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत फातिमा नवऱ्या मुलींचे ब्लाऊज, घागरे, गाऊन शिवायची, आणि तिचा नवरा मीरासाब त्याच घराच्या पुढच्या खोलीत मोनाच्या मंडपाच्या झालरी आणि पडदे शिवायचा. ज्ञानूच्या काळापासूनचं हे चालत आलेलं. मोना तिला भाभी म्हणायची आणि त्या घरात न विचारता आतपर्यंत जायची.

फातिमानं गाऊन टेबलावर पसरला आणि उलटा करून बघितला. "पट्ट्या घालता येतील. पण ही असली जाळी गावात मिळायची न्हाई. मुंबईला सांगते. आली की दोन दिवसांचं काम." पूर्णिमानं तिलाही ट्रेलचं बजावलं. फातिमानं मान हलवली.

इथवर सगळं धुसफुशीवर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात एका दुपारी ऋतुराज गोडाऊनमध्ये आला. मोना सतरंज्या मोजून घेत होती. तो दारातच उभा राहिला, मोबाइल या हातातून त्या हातात करत.

"ताई, एक सांगायचं हाय. रिसेप्शनचं स्टेज पुण्याच्या पार्टीला दिलंय."

मोनाला आधी कळलंच नाही. "कुणाच्या रिसेप्शनचं?"

"माझ्या. म्हणजे आमच्या." तो खाली बघून बोलत होता. "लग्नाचा मांडव आपलाच. फक्त रिसेप्शनचं... पूर्णीला तसं पाहिजे हाय. त्या गाऊनला आपलं स्टेज शोभत न्हाई म्हणती. ट्रेल पसरायला जागा लागती, लायटिंग वेगळं लागतंय."

"मी बांधतो की लांब स्टेज. कितीबी लांब बांधतो."

"तसं न्हवं ताई. तुला कळत न्हाई ते."

ऋतुराजच्या लग्नाचं स्टेज मोनानं मनात कितीदा तरी उभं केलं होतं. त्यासाठी तिनं मखमलीचे नवे पडदे शिवून घेतले होते, ते अजून कुणाच्याच लग्नाला वापरले नव्हते. गठ्ठा बांधून वरच्या फळीवर ठेवले होते. हे तिनं ऋतुराजला सांगितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि परत सतरंज्या मोजायला लागली. मोजणी चुकली होती. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

तो गेल्यावर मात्र तिला बसवेना, उभं राहवेना. आरशासमोर मैत्रिणीला घेऊन हसणारी पूर्णिमा आणि आता पुण्याची पार्टी आणणारी पूर्णिमा एकाला एक चिकटली. अजून उंबरा ओलांडला नाही, आणि बापाच्या धंद्याला नावं ठेवते. बापाच्या माघारी याला मी वाढवला, आणि तो हिच्या तोंडानं मला सांगतो, तुला कळत नाही.

नेमका तेव्हाच फातिमाचा फोन आला. "ताई, मुंबईची जाळी अजून आली न्हाई. कुरियरवाला आज-उद्या म्हणतोय. पूर्णिमाताईंचा फोन लागंना, तेवढं कानावर घाला. लग्न जवळ आलंय, मला काळजी लागलीया."

मोनानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "वाट बघू नको. ट्रेल काप आणि त्यातनं पट्ट्या घाल."

"ट्रेल? पण त्या तर नको म्हणालत्या."

"आता तिचं तिनंच सांगितलंय. पायात येतंय म्हणाली."

"नक्की न्हवं ताई? एकदा कात्री लागली की..."

"भाभी, मी कधी तुला खोटं सांगितलंय व्हय?"

"तसं कसं," फातिमा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. त्या दिवशी मोनाला जेवण गोड लागलं. आक्काला तिनं आणखी एक भाकरी वाढायला लावली.

ट्रायलच्या दिवशी पूर्णिमानं मुद्दाम मोनाला सोबत यायला सांगितलं. काही उणंदुणं निघालं तर नवऱ्याकडचा माणूस समोर असलेला बरा, असा तिचा हिशेब असावा. फातिमाच्या आतल्या खोलीत पडद्याआड तिनं गाऊन चढवला. चेन सरळ वरपर्यंत गेली. खांदे बसले, बगलेत चुणी नाही, पट्टी कुठं घातली ते शोधून सापडेना. पूर्णिमा हसत बाहेर आली. पहिल्यांदाच तिचं ते हसू कुणावर नव्हतं, नुसतं हसू होतं. फातिमापण हसली. मग पूर्णिमानं मागं बघायला मान वळवली.

गाऊन टाचेपाशी संपत होता.

तिनं हातानं चाचपलं. खाली वाकून बघितलं. "ट्रेल कुठाय?"

फातिमाचं हसू तसंच तोंडावर राहिलं. "काढली की. पट्ट्या त्यातनंच..."

"कुणी सांगितलं काढायला?"

फातिमानं मोनाकडं बघितलं. मोना खुर्चीत बसली होती, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत. तिनं नजर बंदावरून हलवली नाही.

"मी विचारालोय, कुणी सांगितलं?" पूर्णिमाचा आवाज चढला. "तुमच्या तोंडावर सांगून गेलतो मी, ट्रेलला हात लावायचा न्हाई. लावायचा न्हाई! मराठी कळत न्हाई व्हय तुम्हाला?"

पुढच्या खोलीतली मीरासाबची मशीन थांबली. फातिमाची पोरगी कशिश कॉलेजातून येऊन आत जेवायला बसली होती, ती दारात येऊन उभी राहिली. फातिमानं परत एकदा मोनाकडं बघितलं. तिचा नवरा तिथंच, पलीकडच्या खोलीत, मोनाचीच झालर शिवत होता. फातिमानं ओठ आवळले आणि म्हणाली, "चूक झाली ताई. माझ्या ऐकण्यात गल्लत झाली."

"गल्लत?" पूर्णिमानं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. "हां, बोला परत. सगळ्या कोल्हापूरला कळू दे फातिमा टेलर कसं काम करती ते. नवरीच्या गाऊनची वाट लावली आणि म्हणती गल्लत. नाव सांगा तुमचं. पत्ता सांगा. तुमच्यासारख्या बाईच्या हातात असलं कापड द्यायलाच नको होतं. हे बघा, असं कापलंय. नीट बघून घ्या, पोरींनो, हिच्याकडं जाऊ नका."

"अम्मी," कशिश दारातून म्हणाली. फातिमानं हातानंच तिला आत जा म्हणून खुणावलं. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती.

मोनाला वाटलं होतं, मजा येईल. तिनं डोळ्यांपुढं आणलं होतं ते पूर्णिमाचं पडलेलं तोंड. हे काही तिच्या मनात आलं नव्हतं. मीरासाब दारात येऊन मोनाकडं आशेनं बघायला लागला, तेव्हा तिनं बोटाला गुंडाळलेला बंद सोडला. पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर आला तो रागच.

"मोबाइल खाली घे! तिच्यावर काय भुंकालीस? मी सांगितलं कापायला."

पूर्णिमानं मोबाइल खाली घेतला नाही. तो सावकाश मोनाकडं वळवला. "परत बोला."

"मी सांगितलं. ट्रेल कापायला. तू सांगितलंस असं सांगून. पुरं झालं?"

"का?"

"माझी मर्जी."

पूर्णिमानं रेकॉर्डिंग बंद केलं. गाऊन न काढताच ती मोनाच्या समोर येऊन उभी राहिली. "मला तुमची सॉरी नको. तुम्ही म्हणणारबी न्हाई. ही बाई उरलेलं कापड परत जोडंल. आणि रिसेप्शनला गेटपासून स्टेजपर्यंत ती ट्रेल धरून तुम्ही माझ्या मागनं चालायचं. सगळ्या पावण्यांसमोर. न्हाईतर मी गाऊनबी घालत न्हाई आणि स्टेजवर उभीबी ऱ्हात न्हाई. लोकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, न्हाईतर ह्यो व्हिडिओ सांगंल."

"धरतो की," मोना उठत म्हणाली. "बघू कोण आधी दमतंय."

घरी येईस्तोवर व्हिडिओ ऋतुराजच्या मोबाइलवर पोचला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात वाट बघत उभा होता. एरवी मोनापुढं न चढणारा त्याचा आवाज त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"असं कुणी करतं व्हय? काय वाकडं केलं होतं तिनं तुझं? तुझं मोडलं म्हणून माझंबी मोडायचं होतं तुला?"

आक्का गॅसपाशी होती. "ऋत्या!" एवढंच ओरडली. मोनानं हात उचलला होता, तो हवेतच राहिला. लहानपणी ती त्याला धपाटे घालायची, तेव्हा तो तिच्याच पोटाला येऊन बिलगायचा. आता तो मागं सरला नाही, पुढंही आला नाही. तिचा हात पडायची वाट बघत राहिला. मोनानं हात खाली घेतला आणि जिना उतरून गोडाऊनमध्ये गेली. वरच्या फळीवरचा मखमलीच्या पडद्यांचा गठ्ठा ओढून काढला आणि गड्याला सांगितलं, "उद्याच्या बारशाला हे लाव."

लग्न लागलं. मांडव मोनाचाच होता आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नणंद-भावजय एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मधल्या दिवसांत फातिमानं ट्रेलचं उरलेलं कापड रुपेरी लेसच्या पट्टीखाली लपवून परत जोडलं होतं. लांबी पहिल्यापेक्षा कमी झाली, पण माहीत नसणाऱ्याला ती मुळातच तशी वाटली असती. मोनानं चौकशीला फोन केला तर फातिमानं उचलला नाही. पूर्णिमाचा उचलला. पूर्णिमानं फातिमाची माफी मागितली की नाही, मोनाला कळलं नाही.

रिसेप्शन पन्हाळा रोडच्या एका लॉनवर होतं. गेटपासून स्टेजपर्यंत पांढरा गालिचा, दोन्ही बाजूंना नुसत्या ठिणग्यांचे थंड फटाके, डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन. पुण्याच्या पार्टीचं स्टेज आरशांचं आणि कागदी फुलांचं होतं. ऋतुराज निळ्या सुटात वर उभा. पूर्णिमा गेटवर गाडीतून उतरली. मोनानं जरीकाठाची साडी नेसली होती, केसांत गजरा. वाकून तिनं ट्रेलची दोन्ही टोकं उचलली. गर्दीत कुजबुज झाली. मोनाताई? त्या काय धरून चालल्यात मागनं? बायकांनी मोबाइल वर केले.

गाणं सुरू झालं. दोघी चालायला लागल्या. दोघींच्या तोंडावर कॅमेऱ्यासाठी हसू होतं.

"वर धरा जरा," पूर्णिमा ओठ न हलवता म्हणाली. "खाली घासालीया."

"घासू दे. मोलकरीण न्हवं मी."

"आज हायसा."

"जास्त बोलू नको. टोक सोडलं तर तोंडावर पडशील."

"सोडून बघा. तुमचा भाऊच उचलायला येईल."

थंड फटाके उडाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मोनानं स्टेजकडं बघितलं आणि तिचं डोकं परत सणकलं. "बघ, बघ डोळं भरून. तुझं पुण्याचं स्टेज. त्यासाठीच सगळा खेळ केलास न्हवं?"

पूर्णिमाची पावलं अडखळली. मान न वळवता ती म्हणाली, "माझं? मी कशाला पुण्याचं मागू?"

"ऋत्यानं सांगितलं मला. गाऊनला आमचं स्टेज शोभत न्हाई म्हणालीस."

"मी?" आता तिचं हसू पुसलं गेलं. मग तिला ड्रोन आठवला असावा, ते परत आलं. "माझ्या बाबांनी तर तुमच्याच मंडपाचं नाव काढलं होतं. घरचं असताना बाहेरचं कशाला, म्हणाले. तुमचा भाऊच म्हणला. ताईचं स्टेज बारशा-वाढदिवसाला ठीक हाय, माझे मित्र पुण्या-मुंबईचे येणार, हसतील. मी म्हणलं, तुझं तू सांग तुझ्या बहिणीला. तर त्यानं माझं नाव घातलं व्हय?"

मोनानं स्टेजवरच्या ऋतुराजकडं बघितलं.

"म्हणून कापलासा?" पूर्णिमाचा आवाज खाली आला, पण धार तशीच होती. "मला विचारायचं तरी. तोंड हाय की तुम्हाला, सगळ्या गावाला माहीत हाय. मला येऊन शिव्या घालायच्या. त्या बाईच्या पोटावर पाय कशाला?"

"तू काय कमी पाय दिलास? मोबाइल कोण नाचवत होतं?"

"दिला. मला कळलं न्हाई. तुम्हाला कळत होतं."

गालिच्याच्या मध्यावर मोना थांबली. हातातलं कापड ताणलं गेलं, पूर्णिमाला कमरेत हिसका बसला आणि तिला थांबावं लागलं.

"चला की, लोक बघालेत."

"थांब."

"फाटंल ते!"

"मग थांब की गप." मोनानं मान वर केली. मांडवात गड्यांना हाक मारायचा तिचा आवाज गाण्याच्या वर गेला. "ऋतूऽऽ! खाली ये."

ऋतुराजनं स्टेजवरून हातानं विचारलं, काय? तिनं परत हाक मारली. तो पायऱ्या उतरून आला, सुटाचं बटण लावत, आजूबाजूला हसून दाखवत. जवळ आल्यावर दात न उघडता म्हणाला, "ताई, काय करालीस? सगळे बघालेत."

"बघू देत. म्हणूनच बोलावलंय." तिनं दोन्ही टोकं त्याच्या छातीशी धरली. "धर. तुझं ओझं माझ्या गळ्यात घातलंस, हिच्या गळ्यात घातलंस. आता तूच वाहून ने. आणि स्टेजवर जाईपर्यंत सोडू नको."

त्यानं पूर्णिमाकडं बघितलं. सुटका करशील का, अशी नजर होती. पूर्णिमा पुढं तोंड करून उभी होती. तिनं नुसती मान किंचित वळवली.

"धर की," ती म्हणाली. "का मित्र हसतील?"

ऋतुराजनं ट्रेल धरली. गर्दीला वाटलं, हे ठरवूनच केलंय. शिट्ट्या पडल्या, पोरांनी आरडाओरडा केला, माइकवरचा निवेदक "क्या बात है!" म्हणून ओरडला. निळ्या सुटातला नवरदेव बायकोच्या मागून वाकून चालत स्टेजवर गेला. तो व्हिडिओ पुढं पुष्कळ मोबाइलवर फिरला, आणि त्याखाली लोकांनी बदामाची चित्रं टाकली. ऋतुराजचे कान लाल झालेले त्यात कुणाला दिसले नाहीत.

मोना वळली आणि थेट जेवणाच्या बाजूला गेली. आक्का तिच्या मागं धावत आली. "फोटोला तरी चल गं. एकुलता एक भाऊ तुझा."

"माझ्याशिवाय काढा," मोना म्हणाली. आल्बममध्ये ती कुठंच नाही.

पूर्णिमा घरात आली म्हणून घर शांत झालं असं नाही. उलट भांडायला आता दोन आवाज झाले. गॅसवरच्या दुधापासून गल्लीतल्या गाडीपर्यंत कशावरूनही पेटायचं. पण दोघी जे काय असेल ते एकमेकींच्या तोंडावर बोलायच्या. ऋतुराजच्या हाती निरोप द्यायचा नाही, एवढं दोघींनी न ठरवता पाळलं. महिनाभरानं मोनानं धंद्याची वाटणी केली. लाइट आणि साऊंड त्याचं, मंडप तिचा. तो म्हणाला, "पूर्णी काय म्हणंल?" वरच्या जिन्यावरून पूर्णिमाच म्हणाली, "माझं नाव घेऊ नको. तुला काय म्हणायचं ते म्हण."

लग्नसराईचा दुसरा हंगाम तोंडावर आला तेव्हा मोना कापडाचे गठ्ठे टेम्पोत घालून बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत गेली. इतके दिवस तिनं ते लांबणीवर टाकलं होतं. नेहमीसारखी आत जायला निघाली तर फातिमा दारातच उभी राहिली. बाजूला सरली नाही.

"मीरासाब न्हाईत व्हय घरात?"

"हाईत."

"झालरींचं कापड आणलंय."

"दुसरीकडं द्या. तुमचं काम आम्ही घेत न्हाई आता."

मोना गडबडली. रागावलेल्या माणसाशी कसं बोलायचं तिला माहीत होतं, आवाज चढवायचा. पण फातिमा रागावल्यासारखी दिसत नव्हती. "भाभी, मी घेतलं की माझं नाव. तिथंच, तिच्या तोंडावर सांगितलं."

"सांगितलासा. पण आधी बघत बसलासा." फातिमानं दाराची चौकट धरली होती. "माझी पोरगी बघत होती. तुमच्याकडं बघून मी चूक पदरात घेतली. तुमच्या बाबांच्या वेळपासूनचं मीठ, म्हणून घेतली. तुम्हाला राग होता तिच्यावर, आणि तो काढलासा माझ्या कात्रीनं."

"पोटापाण्याचं काय करशील? सीझन हाय."

"आमचं आम्ही बघू. ह्यांनी शाळेच्या गणवेशाचं काम धरलंय."

"मग आता मी काय करू, सांग. पाया पडू?"

"नको. गठ्ठे तेवढे दारातनं हलवा, गिऱ्हाइकाला वाट ऱ्हाईना."

आतून मशीनचा आवाज येत होता. मीरासाब बाहेर आला नाही. मोनानं गठ्ठे एकेक करून परत टेम्पोत टाकले, मदतीला कुणी नव्हतं आणि तिनं बोलावलंही नाही. त्या वर्षी तिच्या झालरी इचलकरंजीहून शिवून आल्या. काही आखूड निघाल्या, त्या तिनं मागच्या बाजूला लावल्या.

मांडवात नवऱ्या मुलींच्या आया तिला अजून विचारतात, ताई, गाऊन वाढवून देणारी चांगली बाई कोण हाय ओ? मोना फातिमाचं नाव सांगते, गल्ली सांगते, घर कुठलं ते सांगते, आणि माझं नाव घेऊ नका म्हणून बजावते. त्या बायका जातात. फातिमा त्यांचं काम करून देते, आणि कुणाकडून आलात हे विचारत नाही.